कोण म्हणतंय, आणि कशाच्या जोरावर?

(सरांच्या स्मृतिव्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो त्या सरांना गावात नावानं फारसं कोणी हाक मारत नसे. 'इंग्रजीचे सर' एवढं पुरायचं. यंदाचा विषय इंग्रजी व्याकरणातलाच असावा असं संयोजक म्हणाले, आणि मी मोडल क्रियापदं निवडली. ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी येऊन बसायचं आणि एका माणसानं तासभर कॅन, मे, शॅल, मस्ट करत राहायचं, ही कल्पना फारशी आकर्षक नाही हे मलाही कळतं. पण याच चार-आठ शब्दांवर राष्ट्रपतींच्या अधिकाराचा वाद तीन दशकं चालला. त्या वादापर्यंत आपण जाऊच.

आधी शाळेत काय होतं ते पाहू. फळ्यावर दोन रकाने पडतात. कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे पाहिजेच, शुड म्हणजे पाहिजे. परीक्षेत वाक्य येतं, त्यातल्या मोडलखाली रेघ मारायची आणि ते काय दाखवतं ते लिहायचं: क्षमता, परवानगी, सक्ती, सल्ला. मार्क मिळतात. मग तोच मुलगा पुढे नोकरीला लागतो आणि त्याला साहेबाची ईमेल येते, 'यू मस्ट बी टायर्ड.' रकान्याप्रमाणे याचा अर्थ 'तू दमलाच पाहिजेस' असा होतो. साहेब तर सहानुभूतीनं 'दमला असशील' म्हणतोय. रकाना खोटा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा कळायचा तर शब्दाचा अर्थ विचारून भागत नाही. हे कोण म्हणतंय आणि कशाच्या जोरावर म्हणतंय, असं विचारावं लागतं. मोडल क्रियापद घडलेली गोष्ट सांगत नाही. बोलणारा त्या गोष्टीच्या संदर्भात कुठे उभा आहे, ते सांगतं. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

हे शब्द मोजून नऊ: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. ऑट, नीड आणि डेअर उंबरठ्यावर उभे असतात, कधी आत तर कधी बाहेर. या नवांचं वागणं इतर क्रियापदांसारखं नाही. 'ही सिंग्ज' म्हणतात, पण 'ही कॅन्स' म्हणत नाहीत. त्यांना आयएनजी लागत नाही, 'टू कॅन' असं रूप नाही, प्रश्न करताना डू-डझची मदत लागत नाही, आणि दोघं शेजारी बसत नाहीत. निदान पुस्तकी इंग्रजीत नाही. स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडे माणसं खुशाल 'आय माइट कुड' म्हणतात आणि त्यांचं एकमेकांना नीट समजतं.

तृतीयपुरुषी एकवचनाचा एस यांना का नाही? मुलं हा प्रश्न विचारतात आणि आपण 'तो नियमच आहे' म्हणून त्यांना गप्प करतो. उत्तर सुरेख आहे, आणि संस्कृत शिकलेल्या माणसाला तर ते घरातलंच वाटेल. जर्मानिक भाषांमध्ये फार जुन्या काळी काही क्रियापदांची भूतकाळी रूपं वर्तमानाच्या अर्थानं वापरली जाऊ लागली. एखादी क्रिया पूर्वी झाली आणि तिचं फळ आज हाताशी आहे, म्हणून रूप कालचं आणि अर्थ आजचा. संस्कृतातलं 'वेद' आठवा. तो जाणतो, या अर्थी 'वेत्ति' आहेच, पण 'वेद' असंही चालतं. हे 'वेद' वळणानं परोक्ष भूतकाळाचं आहे, म्हणून त्याला 'ति' नाही. पूर्वी पाहिलं, म्हणून आता ठाऊक आहे, असा हा प्रवास. पाणिनीनं त्याच्यासाठी स्वतंत्र सूत्र केलं आहे. इंग्रजीत 'ही सँग'ला एस लागत नाही, कारण तो भूतकाळ. 'ही कॅन'ला लागत नाही, कारण तोही मुळात भूतकाळच. 'वेद'ला ति नसणं आणि 'कॅन'ला एस नसणं या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. विलचं कूळ थोडं वेगळं, पण संगतीनं तोही तसाच वागायला लागला.

वर्तमानाची जागा जुन्या भूतकाळानं घेतल्यावर भूतकाळासाठी नवी रूपं घडवावी लागली. त्यातून कुड, माइट, शुड आले. कुडच्या स्पेलिंगमधला एल तर निव्वळ देखादेखीचा आहे. शुडमध्ये शॅलचा एल होता आणि वुडमध्ये विलचा, म्हणून लिहिणाऱ्यांनी कुडमध्येही तो घातला. तिथे तो कधीच उच्चारला जात नव्हता. मस्टची कथा त्याहून मजेदार. मस्ट हे स्वतःच एका जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप. त्याचा वर्तमानकाळ वापरातून गेला आणि भूतकाळ त्याच्या गादीवर बसला. आता त्याला भूतकाळ कुठून आणायचा? म्हणून 'काल मला जावं लागलं' म्हणताना मस्टचा उपयोग नाही, तिथे 'हॅड टू' लागतं. 'आय मस्ट वेंट' लिहिणाऱ्या मुलावर लाल शाई ओतण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की त्याला जी जागा रिकामी दिसली ती इंग्रजीत खरोखरच रिकामी आहे.

मुळात यांतला प्रत्येक शब्द चांगला धट्टाकट्टा होता. कॅन म्हणजे जाणणं. तो संस्कृत 'ज्ञा'चा आणि म्हणून आपल्या 'जाणणे'चा लांबचा भाऊ. विल म्हणजे इच्छा, निवड. त्याचं नातं 'वृ' धातूशी, म्हणजे वर आणि वरणे यांच्याशी. डेअर हा 'धृष्'चा, म्हणून धृष्ट माणसाचा सोयरा. मे म्हणजे अंगात बळ असणं; माइट हे नाम ताकद या अर्थी अजून टिकून आहे. आणि शॅल म्हणजे ऋणी असणं, देणं असणं. ऑटही 'ओ' म्हणजे देणं लागणं यातूनच आला. इथे मराठी माणसानं क्षणभर थांबावं. 'मी त्याचे पाचशे रुपये देणं लागतो' आणि 'मला जावं लागतं' यांत आपणही एकच क्रियापद वापरतो. कर्ज आणि कर्तव्य शेजारी-शेजारी राहतात हे दोन्ही भाषांनी आपापलं शोधून काढलेलं दिसतं.

आता मुख्य मुद्दा. इंग्रजीतलं जवळजवळ प्रत्येक मोडल दोन कामं करतं. एक काम अधिकाराचं: परवानगी, मनाई, सक्ती, वचन. दुसरं अंदाजाचं: असेल, असावं, नसेलच. 'यू मे गो' ही परवानगी. 'इट मे रेन' ही शक्यता. पावसाला कोणी परवानगी देत नाही. 'यू मस्ट पे' ही सक्ती आणि 'यू मस्ट बी टायर्ड' हा निष्कर्ष. पहिल्या कामामागे सत्ता असते: बापाची, सरकारची, नियमाची. दुसऱ्यामागे पुरावा असतो: उतरलेला चेहरा, आभाळात जमलेले ढग. शब्द मात्र एकच. सत्ता आणि पुरावा यांना एकच शब्द का पुरावा? मला वाटतं, दोन्हीकडे बोलणाऱ्याला 'दुसरा मार्ग उरलेला नाही' किंवा 'मार्ग मोकळा आहे' एवढंच सांगायचं असतं. एकीकडे मार्ग वागण्याचा, दुसरीकडे विचाराचा.

हे इंग्रजीचंच खूळ आहे असं समजू नका. मराठीचा विध्यर्थ घ्या. 'त्यानं घरी असावं' हे कर्तव्य. 'तो घरी असावा' हा अंदाज. क्रियापदाचा प्रत्यय तोच, 'आवा'. पण मराठी एक फार हुशारीची गोष्ट करते: फरक कर्त्याच्या अंगावर दाखवते. कर्तव्य असेल तर कर्त्याला 'नं' लागतो आणि क्रियापद त्याच्याशी जुळवून घेत नाही. अंदाज असेल तर कर्ता मोकळा राहतो आणि क्रियापद त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं: तो असावा, ती असावी, ते असावेत. 'त्यानं पत्र लिहिलं असावं' इथे अंदाज असूनही 'नं' आहे, पण तो भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदाचा आहे, विध्यर्थाचा नव्हे. इंग्रजीत 'ही शुड बी ॲट होम' या एका वाक्यात 'त्यानं घरी असायला हवं' आणि 'एव्हाना तो घरी असायला हवा' हे दोन्ही बसतात. इंग्रज ते संदर्भानं ओळखतो. आपल्या मुलांना जर वर्गात सांगितलं की बाबांनो, हा फरक तुम्ही मराठीत बिनचूक करता, इंग्रजीत तो उघड दिसत नाही म्हणून शोधायचा, तर दोन रकान्यांची गरज उरणार नाही. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवताना मराठी बाजूला ठेवायची ही जी टूम निघाली आहे, ती मला म्हणूनच कधी पटली नाही.

दारावरची बेल वाजली की इंग्रज म्हणतो, 'दॅट विल बी द पोस्टमन.' पोस्टमन आत्ता दारात आहे, मग भविष्यकाळ कशाला? पण आपणही 'पोस्टमन असेल' असंच म्हणतो. मघाशी मी 'आठ्या पडल्या असतील' म्हणालो तेही तसंच. भविष्याविषयी बोलणं म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलणं. दाराआडची गोष्टही न पाहिलेलीच.

भूतकाळाचंही असंच. 'कुड यू ओपन द विंडो' यात काल-परवाचं काही नाही. काळातलं अंतर इथे माणसामाणसांतलं अंतर होतं, आणि अंतर राखणं म्हणजे अदब. ऑफिसात साहेबाच्या केबिनच्या दारात उभं राहून आपणही 'जरा विचारायचं होतं' म्हणतो. विचारायचं असतं आत्ताच.

नकारात मात्र खरी फसगत होते. 'मस्ट'चा नकार 'मस्ट नॉट' असं वाटतं. पण 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे येऊ नकोस, खबरदार. येण्याची गरज नाही, असं म्हणायचं असेल तर 'यू नीड नॉट कम'. आणि अंदाजाच्या 'मस्ट'चा नकार आणखी तिसरा: 'ही मस्ट बी ॲट होम'च्या उलट 'ही कान्ट बी ॲट होम'. म्हणजे एका मस्टला दोन नकार, आणि 'मस्ट नॉट' त्यांतला एकही नाही! लग्नाच्या निमंत्रणाखाली कोणी सौजन्यानं 'यू मस्ट नॉट ब्रिंग गिफ्ट्स' छापलं तर पाहुण्यांना दरडावल्यासारखं होतं, ते यामुळे. मे नॉटही असाच दुतोंडी: मनाई तरी, नाहीतर 'कदाचित नाही' तरी.

शॅल आणि विल यांच्याबद्दल थोडक्यात, कारण आपल्या मागच्या पिढीचा यावर फार घाम गळला. आय आणि वी बरोबर शॅल म्हणजे साधा भविष्यकाळ, विल म्हणजे निर्धार. यू, ही, दे बरोबर याच्या नेमकं उलट. हा नियम जॉन वॉलिसनं १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. वॉलिस ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक होता. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह गणितात आणलं तेही त्यानंच. नियमाची ती समतोल घडी पाहिली की मांडणारा गणिती होता याचं नवल वाटत नाही. पुढे शालेय व्याकरणांनी तो पाठ करून घेतला. बुडणारा परदेशी 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असं ओरडतो, म्हणजे नियमाप्रमाणे आत्महत्येचा निर्धार जाहीर करतो, आणि काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या इच्छेला मान देऊन त्याला बुडू देतात, हा विनोद त्याच काळातला. आपल्याकडे नियम आला तो रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकातून. यांतला रेन म्हणजे 'बो जेस्ट' कादंबरीचा लेखक. त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत तो हेडमास्तर होता. गंमत अशी की १९२५ मध्ये चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकानं नाटकांतले संवाद तपासून दाखवलं की माणसं या नियमानं बोलतच नाहीत. स्कॉटिश, आयरिश आणि अमेरिकन लोक तर तो कधीच पाळत नव्हते. नियम मात्र आपल्या परीक्षांत पुढे कितीतरी वर्षं राहिला.

रोजच्या बोलण्यातून हटलेलं शॅल कायद्यात जाऊन बसलं. आता संविधानाकडे वळू. मूळ ७४ व्या अनुच्छेदात एवढंच होतं की राष्ट्रपतींना साहाय्य करण्यासाठी आणि सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल. इंग्रजीत इथे 'शॅल बी' आहे. म्हणजे मंत्रिमंडळ असणं सक्तीचं. पण त्यानं दिलेला सल्ला राष्ट्रपतींनी मानणं सक्तीचं आहे का? तिथे मोडलच नव्हतं! राष्ट्रपतींचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं, असं डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे सल्ला बंधनकारक, पण संकेतानं, शब्दानं नव्हे. डॉ. राजेंद्रप्रसाद स्वतः वकील. त्यांना ही रिकामी जागा खुपत राहिली. १९६०च्या नोव्हेंबरात दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या कोनशिला समारंभात, राष्ट्रपतिपदावर असताना, त्यांनी या प्रश्नाचा अभ्यास व्हावा असं जाहीरपणे सुचवलं. १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रपती हे नामधारी प्रमुख आहेत आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच चालतात, असा निर्वाळा दिला.

तरीही सरकारला शब्द हवाच होता. आणीबाणीत, १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं तो घातला: राष्ट्रपती सल्ल्यानुसार 'शॅल ॲक्ट'. हवा जायला फट नाही. मग जनता सरकारच्या काळात, १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं त्याच अनुच्छेदाला परंतुक जोडलं: राष्ट्रपती सल्ल्याचा फेरविचार करायला सांगू शकतात, इथे 'मे', आणि फेरविचारानंतर आलेल्या सल्ल्यानुसार वागतील, इथे पुन्हा 'शॅल'. दोन शॅलच्या मध्ये एक मे. हा मे नुसता शोभेचा ठरला नाही. १९९७च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा गुजराल मंत्रिमंडळाचा सल्ला तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी फेरविचारासाठी परत पाठवला. मंत्रिमंडळानं तो पुन्हा पाठवलाच नाही. मंत्रिमंडळानं तोच सल्ला पुन्हा दिला असता तर शेवटच्या शॅलनं राष्ट्रपतींचे हात बांधले असते. पण पुन्हा द्यायचा की नाही हे ठरवायला उसंत मिळाली, ती त्या मेमुळे.

शॅल म्हणजे नेहमी सक्तीच, असं मात्र न्यायालयं मानत नाहीत. ३२० व्या अनुच्छेदात सरकारी नोकरांवरच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा, असं शॅल वापरूनच म्हटलं आहे. तसा तो घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात ठरवलं. म्हणजे तिथलं शॅल सूचनेच्या पायरीवर उतरलं. शब्दाच्या मागे उभी असलेली शिक्षा काय, हे पाहिल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही.

या शॅलला मराठीत काय करायचं? संविधानाच्या मराठी पाठानं साधा भविष्यकाळ पत्करला: भारत हा राज्यांचा संघ 'असेल', राज्य कायद्यापुढे समानता 'नाकारणार नाही'. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे भाकीत किंवा आश्वासन वाटतं, हुकूम वाटत नाही. मला स्वतःला ही निवड आवडते. राज्यसंस्थेनं नागरिकाला 'नाकारणार नाही' असं सांगणं यात जो शब्द दिल्याचा सूर आहे तो 'नाकारता कामा नये' यात आला नसता. अमेरिकेत दिवाणी प्रक्रियेचे संघीय नियम २००७ मध्ये नव्यानं लिहिले तेव्हा शॅलला सरळ रजा दिली आणि सक्तीच्या जागी मस्ट घातलं. संगणकाच्या जगानं तर १९९७ मध्ये एक छोटा दस्तऐवज काढून मस्ट, शुड, मे यांचे अर्थ बांधूनच टाकले. इंटरनेटचे नियम लिहिणारे हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहितात आणि दुसऱ्या कुठल्या अर्थी वापरत नाहीत.

कायदा मस्टकडे वळतोय आणि बोलणारी माणसं मस्टपासून दूर चालली आहेत. भाषाभ्यासक जेफ्री लीच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या आसपासचं आणि १९९०च्या आसपासचं छापील इंग्रजी शेजारी ठेवून तपासलं तेव्हा मस्ट, मे आणि शॅल यांचा वापर ठळकपणे घटलेला दिसला. त्यांच्या जागी हॅव टू, नीड टू वाढले. एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की वरून हुकूम सोडल्यासारखं बोलणं आता लोकांना रुचत नाही. ते खरं असावं. मस्टमध्ये हुकूम कोणाचा ते ऐकू येतं. हॅव टूमध्ये तो परिस्थितीवर ढकलता येतो: माझं काही नाही हो, नियमच आहे.

नीड टूची चलाखी याच्याही पुढची. बँकेत किंवा विमानतळावर काउंटरपलीकडचा तरुण अत्यंत नम्रपणे सांगतो, 'सर, यू नीड टू साइन हिअर.' सही हवी असते बँकेला. गरज मात्र वाक्यात तुमच्या नावावर लागलेली असते. तरुण हुकूम देत नाही, विनंतीही करत नाही. तुमचीच एक गरज तुमच्या लक्षात आणून देतो. आपण खिशातून पेन काढतो, आणि वर त्याला थँक्यूही म्हणतो.